कमोडोरचा अस्त : एक कारणमीमांसा

घरगुती संगणक बनविणाऱ्या कमोडोर या कंपनीचा अस्त केवळ स्पर्धेमुळे झाला, हे मत अपुरे आहे. १९७६ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी हा चिप्सचा कारखाना तिने विकत घेतला. १९८२ च्या कमोडोर ६४ ची स्वस्ताई त्यावरच उभी होती. १९८५ च्या अमिगाने चित्र व ध्वनी यांसाठी खास चिप्स योजून प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. परंतु चित्रविषयक चिप्समध्ये लक्षणीय सुधारणा १९९२ मध्येच झाली. ध्वनीची चिप तर तीच राहिली. दरम्यान आयबीएम-सुसंगत यंत्रांनी ही आघाडी भरून काढली. १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. तात्पर्य, उणीव कल्पकतेची नव्हती. हाती आलेल्या शोधाची वेळीच जोपासना झाली नाही, असेच म्हणावे लागते.