दोन पात्या आणि घरचा सर्व्हर

देवासात एकाच गावात दोन राज्ये नांदत होती, हे महाराष्ट्रातून आलेल्या सुनांना आणि जावयांना आपण सगळ्यांनीच कधी ना कधी समजावून सांगितले आहे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८ च्या सुमारास येथे राज्य मांडले, आणि त्यातून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन घराणी, दोन दरबार झाले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्यांनाही या दुहेरी कारभाराचे नवल वाटले होते. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. संगणकाच्या जगातही अशीच एक भाऊबंदकी होऊन गेली आहे. तिच्याशी आमचा संबंध आला तो घरातल्या कॅसेटींमुळे.

आमच्या धारच्या आणि देवासच्या घरांत मिळून सव्वाशेवर कॅसेटी निघाल्या. काही विकतच्या, त्यांचे काही नाही, त्या गाण्यांना मरण नाही. पण निम्म्याहून अधिक घरी भरलेल्या: गणपतीतली कीर्तने, मंगळागौरीची गाणी, मुंजीतल्या मंगलाष्टका, आणि आमच्या आजीने दुपारी पोळ्या लाटताना सांगितलेल्या कहाण्या. आपल्या चार-पाच पिढ्या माळव्यात गेल्या. आपल्या घरची मराठी कशी होती, तीत माळवी किती मिसळली होती, हे कोणत्याही पुस्तकात सापडायचे नाही. ते या फितींतच आहे. आमची मुले शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात. पणजीचा आवाज त्यांनी ऐकायचा तर तो त्यांच्या मोबाइलवर आणि टीव्हीवरच यायला हवा, कारण घरात टेपरेकॉर्डर उरलेला नाही.

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली. फितीवरचा लोहकणांचा थर कालांतराने सुटतो, आवाज घोगरा होतो, फीत चिकटते. त्यामुळे सगळे संगणकात उतरवणे भागच होते. पुढचा प्रश्न असा की हे सगळे एका जुन्या संगणकात ठेवून घरभर ऐकवायचे, म्हणजेच घरचा मीडिया सर्व्हर करायचा, तर त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालावी? ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा दिवाण. डिस्कवर काय कुठे ठेवले, कोणाला काय द्यायचे, हे सगळे त्याच्याच वहीत असते. वही त्याच्या खासगी लिपीत असली तर दिवाण गेल्यावर दफ्तर वाचणार कोण?

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, हा अनुभव आम्हाला रोजचा. आमच्याकडे वर्षानुवर्षे टंकलेखन कृतिदेव फाँटात झाले. तो फाँट नसलेल्या संगणकावर जुनी फाइल उघडा, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, पण वाचता येत नाही.

आता मूळ इतिहास. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केली. तिच्या बर्कली विद्यापीठातल्या शाखेतून पुढे १९९३ मध्ये फ्रीबीएसडी झाली. दुसरीकडे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतली. ती युनिक्सच्या वळणाची, पण स्वतंत्र. लिनक्सवर आधारलेली डेबियन १९९३ ची. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी साम्बा हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्यामुळे युनिक्स-लिनक्सवरच्या फायली विंडोजच्या संगणकाला दिसू लागल्या. घरोघरच्या सर्व्हरचा खरा पाया आमच्या मते हाच, पण साम्बाचे नाव फारसे कोणी घेत नाही.

मायक्रोसॉफ्टनेही २००७ मध्ये विंडोज होम सर्व्हर आणली होती. कल्पना छान होती: लहानमोठ्या कितीही डिस्क जोडा, सगळ्या मिळून एकच कोठार दिसेल. सुरुवातीला तिच्यात फायली बिघडण्याचा दोष निघाला, तो २००८ मध्ये दुरुस्त झाला. पुढे २०११ च्या आवृत्तीतून कोठाराची ती सोयच काढून टाकली, २०१२ मध्ये नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले, आणि एप्रिल २०१६ मध्ये आधारही संपला. नऊ वर्षांत सगळा कारभार आटोपला. आमच्या आजीच्या कॅसेटी त्याहून जास्त टिकल्या.

आता ती भाऊबंदकी. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच गृहस्थांनी फ्रीबीएसडीवर फ्रीनॅस नावाची प्रणाली बेतली. जुना संगणक घ्या, ती घाला, की फायलींचे कोठार तयार. ती लोकप्रिय झाली. २००९ च्या अखेरीस तिचे काम पाहणारे जर्मनीचे फोल्कर थाइल यांनी ठरवले की पुढची उभारणी फ्रीबीएसडी सोडून डेबियनवर करायची. जुन्या मंडळींना ते रुचले नाही. अमेरिकेतील आयएक्स-सिस्टिम्स कंपनीने फ्रीनॅस आपल्या हाती घेऊन ती फ्रीबीएसडीवरच ठेवली. थाइल यांनी वेगळी चूल मांडली. तिचे नाव ओपनमीडियाव्हॉल्ट, पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. झाल्या दोन पात्या! थोरलीजवळ झेडएफएस ही सन कंपनीत जन्मलेली डिस्क-व्यवस्था होती. प्रत्येक फाइलचा पडताळा ठेवून ती गुपचूप झालेला बिघाड पकडते. धाकटी हलकी, जुन्या यंत्रावर आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालणारी.

गंमत पुढेच आहे. फ्रीनॅसचे नाव बदलून ट्रूनॅस झाले, आणि त्याच आयएक्स-सिस्टिम्सने २०२२ मध्ये ट्रूनॅसची नवी शाखा काढली ती डेबियनवर. आता तिकडचे सगळे नवे काम त्याच बाजूला होते. ज्या प्रश्नावरून घर फुटले, त्याचे उत्तर तेरा वर्षांनी दोघांचे एकच निघाले.

आम्ही धाकटी पाती निवडली. थोरलीला निदान ८ जीबी मेमरी लागते आणि आमच्या बारा वर्षांच्या संगणकात ४ जीबी. विंडोजवरही हे काम होते, ती वाईट म्हणून सोडली असे नाही. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ आमच्या यंत्राला घेईना. पण मुख्य कारण मेमरी नव्हे. ओपनमीडियाव्हॉल्टने आमची डिस्क ईएक्सटी-४ या साध्या, सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धतीने मांडली आहे. उद्या संगणक जळाला, ओपनमीडियाव्हॉल्ट बंद पडली, किंवा हा खटाटोप करणारे आम्हीच राहिलो नाही, तरी ती डिस्क काढून कोणत्याही लिनक्स संगणकाला लावली की आजीची कहाणी वाजेल. आमच्या एका नातलगाकडे तयार पेटी होती, कंपनीचे नाव नको. पेटी बंद पडली, आतल्या दोन्ही डिस्क ठणठणीत, पण मांडणी त्या पेटीचीच. तीन महिने खटपट करून मुलीच्या लग्नाचे निम्मे चित्रीकरण हाती आले.

टीव्हीवर दाखवण्यासाठी जेलिफिन घातले आहे. त्याची कुळकथाही फाटाफुटीचीच. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमने आपला कोड बंद केला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन जेलिफिन काढले.

ज्यांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी एक खास मराठी अडचण सांगून ठेवतो. ईएक्सटी-४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. म्हणजे जेमतेम पंचाऐंशी चिन्हे. विंडोजची मर्यादा निराळ्या हिशेबाची आणि ऐसपैस, त्यामुळे तिथे आम्ही हौसेने राग, गायक, गाव, तिथी, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, असे सगळे नावातच भरले होते. नव्या डिस्कवर नकल करताना नेमक्या त्याच फायली मागे राहिल्या. आता नाव आटोपशीर आणि तपशील शेजारच्या साध्या मजकूर-फाइलीत, युनिकोडमध्ये. कृतिदेव अजिबात नाही.

आणि दोन डिस्क एकाच पेटीत घातल्या म्हणजे काम झाले असे समजू नये. वीज कडाडली तर दोन्ही एकदमच जातात. आमची दुसरी प्रत धारच्या घरी, देवासपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. नेआण करण्यासाठी इंटरनेट वापरत नाही. दिवाळीला भाऊ येतो तेव्हा जुनी डिस्क आणतो, ताजी घेऊन जातो. डिस्कवर कागद चिकटवला आहे: आत काय आहे, कोणत्या पद्धतीने मांडले आहे, कसे उघडायचे, मराठीत आणि हिंदीत.

चाळीसेक कॅसेटी अजून उतरवायच्या राहिल्या आहेत. एका फितीची एक बाजू म्हणजे अर्धा तास, आणि तो अर्धा तास समोर बसूनच काढावा लागतो. मंडळातल्या ज्यांच्या माळ्यावर अशा फिती असतील त्यांनी त्या उन्हात वाळवत मात्र घालू नयेत. डबीतच ठेवून गणपतीनंतर आमच्याकडे आणाव्यात. टेपरेकॉर्डर एका स्नेह्यांकडून मागून आणला आहे आणि तो सध्या चालतो आहे.