बिगफूट : उंचीचा हिशोब

१/ अमेरिकेतील सेंट लुईस परिसरात बॉब चँडलर यांच्यापाशी १९७४ सालचा फोर्ड एफ-२५० पिकअप ट्रक होता. खडतर वाटांवर त्याचे भाग मोडत आणि चँडलर दर वेळी अधिक दणकट भाग बसवत. त्यातूनच ‘बिगफूट’ हा मॉन्स्टर ट्रक आकारास आला.

२/ ट्रक उंच करण्याचे मार्ग दोन. लिफ्ट किट गाडीचा सांगाडा वर उचलते. ॲक्सल मात्र जमिनीपासून पूर्वीइतक्याच अंतरावर राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा आणि व्यासातील वाढीची निम्मीच उंची पदरात पडते.

३/ १९८१ मध्ये ४८ इंची टायरांच्या बिगफूटने शेतात जुन्या मोटारी चिरडल्या. १९८२ मध्ये दुसरा बिगफूट ६६ इंची टायरांवर उतरला. व्यास १८ इंचांनी वाढला, ॲक्सल ९ इंचांनी वर गेला.

४/ या उंचीची किंमत होती. अवजड टायरांपुढे साधे ॲक्सल टिकेनात. लष्करी ट्रकांचे आणावे लागले. गुरुत्वमध्य वर सरकल्याने वळणावर उलटण्याचा धोकाही वाढला.

५/ १९८६ च्या पाचव्या बिगफूटला १० फुटी टायर लाभले. एकूण उंची १५ फूट ६ इंच! कोणतीही वाट तुडवण्यासाठी उंचावत गेलेले वाहन अखेर प्रामुख्याने प्रदर्शनात उभे राहिले.