देवाचे घर, माणसाचे घर आणि गावाचे नियम

श्रीकृपेने व ग्रामस्थांच्या अखंड श्रमाने आपल्या गावच्या श्री हनुमान मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलशारोहणाचा मंगल सोहळा संपन्न होत आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा समितीने केली. प्रस्तुत लेखक काही इतिहासाचा पंडित नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तालुक्याच्या कार्यालयात कारकुनाची. परंतु कागदपत्रांच्या सहवासात वर्षे गेल्याने जुन्या गोष्टींची गोडी लागली आहे. तेवढ्या भांडवलावर हे लिहीत आहे. चुकभूल द्यावी घ्यावी.

विषय सुचला तो आपल्याच सभेतून. मंदिराचे काम अर्ध्यावर आले असताना पारावर बैठक भरली होती. एका सद्गृहस्थांनी सूचना मांडली की, मंदिर नवे होत आहे, तेव्हा गावाला शिस्तही नवी लावावी. मंदिराभोवतीच्या सर्व घरांना एकच रंग असावा. कोणाचेही घर कळसाहून उंच नसावे. आणि स्त्रियांनी गाभाऱ्यापुढील दालनात येऊ नये. हे तीन नियम संगमरवरी पाटीवर कोरून दाराशी लावावेत. टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. त्याच सुमारास मंदिराच्या पूर्वेस एका विधवा भगिनीचे घरकुल पायव्यावर आले होते. मुलगा कमावता झाला की वर एक खोली चढवू, या आशेने ती माउली जिन्याला जागा सोडीत होती. कोणीतरी तिला जाऊन सांगितले, "जिना काढू नका, नियम होणार आहे." शासनाकडून घरकुलास मिळणारे १ लाख २० हजार रुपये आणि स्वतःची मोलमजुरी, एवढ्यावर घर उभे करणारी बाई ती, तिने मिस्त्रीला थांबविले.

तेव्हापासून मनात प्रश्न घोळत राहिला. घर कसे असावे, देऊळ कसे असावे, कोणी कोठे उभे राहावे, हे गावाने ठरवावे काय? आणि ठरवावे तर कोणत्या मापाने?

प्रथम आपल्या भागाकडे पाहू. नियम आपल्याकडे पूर्वापार आहेतच. आपल्या मातामायचे ठाणे पाहा. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली ओटा, त्यावर शेंदूर लावलेले दगड आणि वर आकाश. सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड बांधवांचे थोर श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला तेथे लाखो भाविक जमतात, परंतु दर्शन होते ते डोंगरातील नैसर्गिक गुहेत. उलट गोंदिया शहराजवळ नागऱ्याचे प्राचीन शिवमंदिर दगडावर दगड बसवून उभे आहे. अशा मंदिरांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकातील मंत्री. त्याचे नाव चिकटलेली कित्येक मंदिरे त्याच्याही आधीची आहेत, असे अभ्यासक सांगतात. चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसविणे, ही त्या बांधणीची खूण. म्हणजे देवाचे घर कसे असावे याचा एकच एक नियम आपल्या मुलखात कधी नव्हता. उघडा ओटाही देवाचा, गुहाही देवाची आणि दगडी शिखरही देवाचेच.

माणसांच्या घरांचे म्हणाल तर मातीच्या जाड भिंती, उतरते छप्पर, त्यावर कवेलू, पुढे छपरी आणि मागे सांदवाडी, हे आपल्या धानपट्ट्यातले घर. हे रूप कोणी हुकूम काढून ठरविले नाही. आठ-आठ दिवस झडी लागते, पाणी झटकन उतरले पाहिजे, उन्हाळ्यात भिंतीने गारवा दिला पाहिजे. नियम पावसाने केला आणि सर्वांनी पाळला.

मात्र दुसऱ्या प्रकारचे नियमही होते. इंग्रजी अमलात आपला मुलूख मध्यप्रांतात होता आणि येथे मालगुजारीची पद्धत होती. गावची आबादी, म्हणजे घरांची जागा, मालगुजाराच्या मालकीत असे. घरासाठी जागा कोणास मिळावी, चराई व जळाऊ लाकूड कोणास, तलावाचे पाणी कसे वाटावे, हे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदविलेले असत. या कागदांनी रयतेचे काही हक्क राखले, हेही सांगितले पाहिजे. पण कागदात नसलेले नियम अधिक कडक होते. माझी आजी सांगे की, वाड्यासमोरून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे, आणि वाड्याला माडी म्हणून दुसऱ्या कोणी माडी बांधण्याचे मनातही आणीत नसे. काही जातींचा मोहल्ला वेगळा, विहीर वेगळी आणि देवळात पायरीपाशीच हद्द. १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावठाणातील बांधकामाच्या परवानगीचा विषय ग्रामपंचायतीकडे आणला. वाड्यावरचा नियम चावडीवर आला, हे या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतील मोठेच स्थित्यंतर होय.

आता ज्या गावाने घराविषयीचा नियम सर्वांहून कडकपणे पाळला, त्या गावाची हकीकत सांगतो. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. त्या जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यात, सोनईजवळ शनिशिंगणापूर हे क्षेत्र आहे. शिर्डीला गेलेल्या यात्रेकरूंच्या गाड्या पुढे तेथे जातातच. आमचीही गेली होती. तेथे श्री शनिदेवाची घडविलेली मूर्ती नाही. सुमारे पावणेसहा फूट उंचीची काळी शिळा चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही, शिखर नाही, सभामंडप नाही. ऊन, पाऊस, थंडी देव अंगावर घेतो. अशी आख्यायिका आहे की, फार पूर्वी महापुरात ही शिळा पानसनाल्यातून वाहत आली. गुराख्यांनी काठी टोचली तेव्हा तिच्यातून रक्त आले. रात्री एकास दृष्टांत झाला की, मला उघड्यावरच ठेवा, छप्पर घालू नका, गावाचे रक्षण मी करीन.

ज्या गावाचा देव उघड्यावर राहतो, त्या गावाने आपल्या घरांनाही दारे लावली नाहीत. चौकट असे, पण फळ्या नसत. कडी नसे, कुलूप नसे. आडोशाला पडदा. कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून फार तर फळी आडवी टेकवावयाची. आमच्या गाडीतल्या एका काकूंना हे खरेच वाटेना. त्यांनी उंबऱ्याशी उभे राहून घरधनिणीला विचारले, "बाई, रात्री भीती नाही वाटत?" ती हसून म्हणाली, "भीती चोराला वाटते." एवढ्या एका वाक्यात त्या नियमाचे सारे बळ मला दिसले.

पण बाहेरचे जग गावात आले, तसा नियमाचा कस लागला. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली. कुलपाशिवायची बँक म्हणून तिचा देशभर गवगवा झाला. काचेचे दार लावून आणि सुरक्षेची व्यवस्था डोळ्यांवर येणार नाही अशी ठेवून बँकेने गावाचा मान राखला. २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या वाहनातून रोकड गेल्याची तक्रार झाली आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले. कोणी म्हणेल, नियम मोडला. मला तसे वाटत नाही. काळाप्रमाणे थोडा वाकला म्हणून तो टिकला.

त्याच क्षेत्रात दुसराही एक नियम होता. स्त्रियांनी चौथऱ्यावर चढावयाचे नाही. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी मंडळींनी त्याविरुद्ध आंदोलन केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर जाऊन आली, तेव्हा शिळेचे शुद्धीकरण करण्यात आले आणि महाराष्ट्रभर चर्चा उसळली. विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी सांगितले की, मंदिरात जाणे हा स्त्रियांचाही हक्क असून त्याचे रक्षण करणे शासनाचे कर्तव्य आहे. त्यानंतर सातच दिवसांनी, ८ एप्रिलच्या गुढीपाडव्यास, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला.

वाचकहो, एकाच गावचे हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. दार न लावण्याचा नियम कडक खरा, परंतु त्याचा भार गावातल्या प्रत्येकाने उचलला. ज्याच्या घरी सोने आहे त्यानेही कुलूप लावले नाही आणि ज्याच्या घरी फक्त पातेले आहे त्यानेही नाही. किंबहुना श्रीमंताला तो अधिक जड. म्हणून तो नियम न राहता व्रत झाला. चौथऱ्याचा नियम मात्र ज्यांनी केला त्यांना त्याचा भार नव्हता. भार दुसऱ्याच्या शिरावर होता आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. पहिला नियम लोक अभिमानाने सांगतात. दुसऱ्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

हा धडा आपल्या विदर्भाला नवा नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये चळवळ झाली, तिच्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंढरीचा विठोबा सर्वांना भेटावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राण पणाला लावले. त्याच वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढे १९५६ च्या कायद्याने हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानात कोणत्याही वर्गास अडविणे हा गुन्हा ठरविला. वर सांगितलेला २०१६ चा निर्णय याच कायद्यावर उभा आहे. सबब सभेतला तिसरा नियम पाटीवर कोरणे म्हणजे गुन्ह्याची कबुली संगमरवरात कोरणेच होय, हे मी कारकून या नात्याने समितीच्या कानावर घातले.

उंचीचा नियम मात्र इतका सोपा नाही. त्याच्यामागे भाव आहे. बाली बेटावर हिंदूंची असंख्य मंदिरे आहेत. तेथे इमारत नारळाच्या झाडाहून, म्हणजे १५ मीटरहून, उंच नसावी असा दंडक केलेला आहे. आपल्याकडे केंद्राने संरक्षित केलेल्या प्राचीन वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटर परवानगीने. शेतातून परतताना कळस दिसला की आपलेही हात आपोआप जोडले जातात. तो दिसत राहावा ही इच्छा वावगी नाही. पण तसा नियम सर्वांना सारखा हवा आणि ज्याच्या घरावर तो येणार त्याला विचारून हवा.

पुढच्या बैठकीत हेच निघाले. सूचना मांडणाऱ्या गृहस्थांची स्वतःची माडी मंदिराच्या पश्चिमेस आधीपासून उभी आहे, हे सर्वांना ठाऊक होते, पण बोलणार कोण? अखेर मागे बसलेल्या एका वृद्ध मातेने विचारले, "भाऊ, तुमची माडी पयले उतरवता का?" सभेत हशा पिकला. गृहस्थ मनाने मोठे. तेही हसले आणि म्हणाले, "बाई, तुमचे खरे आहे." त्यांनी आपली सूचना आपणच मागे घेतली, हे येथे आदरपूर्वक नमूद करतो. दुसऱ्या दिवशी समितीची दोन माणसे जाऊन त्या विधवा भगिनीला सांगून आली, "ताई, जिना काढा."

त्या सभेत ठरले ते असे. रंगाची सक्ती कोणावर नाही. उंचीचे म्हणाल तर मंदिराभोवतीचे घरमालक एकत्र बसून सर्वसंमतीने काही ठरवतील तर ठरवतील, तोवर बंधन नाही. दर्शनास भेद नाही. दालनात जे पुरुषाला ते स्त्रीला. जुन्या गाभाऱ्याच्या दगडी चौकटीवर तैलरंग किंवा टाइल लावावयाची नाही, ती आहे तशी ठेवावी. हा एक नियम मात्र समितीने स्वतःवर घालून घेतला. चकचकीत टाइलची हौस आवरून त्यांनी तो पाळला, हे मंदिरात जाऊन कोणीही पाहावे.

संगमरवरी पाटी अखेर लागली. तिच्यावर देणगीदारांची नावे आहेत आणि खाली एकच ओळ आहे की, पादत्राणे बाहेर काढावीत. ती ओळ सरपंचालाही लागू आहे आणि मजुरालाही.

पूर्वेकडच्या घरकुलाला आता स्लॅब पडला आहे. जिना वर जाऊन मोकळ्या आकाशाशी थांबला आहे. कलशारोहणाच्या दिवशी गर्दी फार होईल. ज्यांना मंडपात जागा मिळणार नाही, त्यांनी आमच्या गच्चीवर चढून कळस पाहावा, असे निमंत्रण त्या माउलीने गावाला दिले आहे. ते या स्मरणिकेतून सर्वांपर्यंत पोहोचवितो आणि श्री हनुमंताच्या चरणी मस्तक ठेवून ही सेवा संपवितो.