नॉर्डश्लायफेसाठी पोर्श ९११ जीटी३ : निवड आणि निगा

जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेल डोंगराळ प्रदेशात १९२७ साली खुले झालेले न्युर्बुर्गरिंगचे नॉर्डश्लायफे हे सर्किट २०.८३२ किलोमीटर लांबीचे आहे. ७० हून अधिक वळणे, सुमारे ३०० मीटरचा चढउतार आणि रस्त्याला लगटून उभे असलेले लोखंडी कठडे यांमुळे ते जगातील सर्वांत अवघड सर्किटांपैकी एक मानले जाते. १९७६ साली निकी लाउडा येथील अपघातात गंभीररीत्या भाजला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या मार्गावर पुन्हा झाली नाही. तथापि, ठरावीक वेळी शुल्क भरून सामान्य चालक स्वतःची मोटार येथे चालवू शकतो. खासगी आयोजकही सर्किट भाड्याने घेऊन 'ट्रॅक डे' भरवतात. या हौशी चालकांच्या पसंतीच्या मोटारींत पोर्श ९११ जीटी३चे नाव अग्रभागी असते.

कोणती पिढी निवडावी?

१९९९ साली आलेल्या पहिल्या जीटी३चे इंजिन ३.६ लिटरचे आणि ३६० अश्वशक्तीचे होते. ले मान्सची १९९८ची शर्यत जिंकणाऱ्या ९११ जीटी१शी त्याचे नाते आहे. या मोटारीत एबीएस असले, तरी घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. चूक सावरण्याचे काम सर्वस्वी चालकाचे. २००६च्या पिढीत चाकांची घसरण रोखणारे नियंत्रण आले आणि २००९ मध्ये पूर्ण स्थिरता-नियंत्रण. २०१३ची पिढी ४७५ अश्वशक्तीची असून तिला प्रारंभी केवळ दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. नवशिक्याने अधिक अश्वशक्तीपेक्षा या सुरक्षा-यंत्रणांना अधिक महत्त्व द्यावे.

इतिहासाची तपासणी

जुनी जीटी३ घेताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा इंजिनाच्या संगणकातील नोंदी अधिक बोलक्या ठरतात. हाताने बदलायच्या गिअरमध्ये पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर इंजिन मर्यादेबाहेर फिरते आणि व्हॉल्व्हसारख्या भागांना इजा होऊ शकते. असे किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला घडले, याची नोंद संगणकात राहते. खरेदीपूर्वी ती जाणकार तंत्रज्ञाकडून वाचून घ्यावी. तसेच जुन्या इंजिनांतील शीतक-नळ्यांचे चिकटवलेले जोड पक्के केले आहेत का, हेही पाहावे. जोड निखळल्यास शीतक मागच्या टायरखाली सांडते आणि भर वेगात मोटार घसरते.

ब्रेक आणि टायर

वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी ब्रेकना चौपट उष्णता पेलावी लागते. ब्रेक-ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की नळ्यांत बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. म्हणून ट्रॅक डेपूर्वी नवे ऑइल भरणे व पॅडची जाडी मोजणे हे किमान कर्तव्य होय. सिरॅमिक डिस्क वजनाने हलक्या असल्या, तरी सर्किटवरील सततच्या उष्णतेने झिजतात आणि त्या बदलणे अतिशय महाग पडते. त्यामुळे अनेक मालक लोखंडी डिस्क बसवतात व मूळच्या जपून ठेवतात.

टायर तापले की त्यांतील हवेचा दाब वाढतो. तो फेरीनंतर लगेच मोजून जुळवावा. सर्किट इतके लांब आहे की एका टोकाला ऊन, तर दुसऱ्या टोकाला पाऊस असू शकतो. उथळ नक्षीचे ट्रॅक-टायर साचलेल्या पाण्यात पकड सोडतात. अखेरचे काही किलोमीटर संथ चालवून ब्रेक व इंजिन निववावे.

कायदा आणि विमा

सार्वजनिक फेऱ्यांच्या वेळी हा मार्ग कायद्याने एकेरी टोलरस्ता असतो. उजवी बाजू धरणे आणि केवळ डावीकडून पुढे जाणे बंधनकारक आहे. भारतात डावीकडून मोटार चालवणाऱ्याने ही सवय आधी अंगवळणी पाडावी. फेरीची वेळ मोजण्यास मनाई आहे. अनेक विमा-करारांत सर्किटवरील नुकसान वगळलेले असते. शिवाय कठड्याची दुरुस्ती व मोटार ओढून नेण्याचा खर्च चालकाकडून वसूल केला जातो.

म्हणूनच खरेदीची किंमत हा हिशेबाचा केवळ आरंभ ठरतो. टायर, पॅड, ऑइल व विमा यांची तरतूद करूनही जी मोटार गमावणे परवडेल, तीच सर्किटवर न्यावी. एवढी तयारी नसल्यास न्युर्बुर्गरिंगच्या परिसरात भाड्याने मिळणारी साधी मोटार घेऊन, अटी नीट वाचून, प्रशिक्षकासह पहिल्या फेऱ्या माराव्यात, हे अधिक शहाणपणाचे.