कौनासचे परवाने

राज्यच बुडाले, तर त्याच्या नागरिकाच्या खिशातील पारपत्राला काय मोल उरते? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतले, तेव्हा हा प्रश्न हजारो पोलिश ज्यूंपुढे उभा राहिला. ते शेजारच्या लिथुआनियात आश्रयाला आले. परंतु जून १९४० मध्ये तेथेही रशियन फौजा शिरल्या. पश्चिमेस युद्ध पेटलेले. वाट उरली ती पूर्वेची, सैबेरियातून जपानकडे जाणारी.

या वाटेवरील प्रत्येक पहारेकरी पुढच्याकडे बोट दाखवी. रशिया बाहेर सोडणार तो जपानचा परवाना पाहून. जपान वाट देणार तो अखेरचा मुक्काम पाहून. तेव्हा आधी मुक्काम हवा. तो दिला कौनास शहरातील डच वकिलातीने. तिचा कारभार पाहणारे यान झ्वार्टेन्डाइक हे मुरलेले मुत्सद्दी नव्हते. ते फिलिप्स कंपनीचे प्रतिनिधी. क्युरासाओ या डच बेटावर उतरण्यास व्हिसा लागत नसे, मात्र गव्हर्नरची अनुमती लागे आणि ती क्वचितच मिळे. रीगा येथील डच राजदूत डी डेकर यांनी यातील पहिले विधान तेवढे लिहून दिले व दुसरे गाळले. तोच मजकूर झ्वार्टेन्डाइक यांनी सुमारे दहा दिवसांत दोन हजारांहून अधिक लोकांच्या कागदांवर उतरवून दिला.

त्या आधारावर जपानचे दूत चिउने सुगिहारा यांनी जपानमार्गे जाण्याचे व्हिसा दिले. जवळ पुरेसा पैसा व पुढील प्रवेशाची निश्चिती असल्याखेरीज व्हिसा देऊ नये, असे तोक्योने बजावले होते. तरीही ते लिहीत राहिले. त्यांच्या यादीत २,१०० हून अधिक नोंदी आहेत, आणि एकेका नोंदीवर कुटुंबेही गेली. व्लादिवोस्तोकहून बोटीने ही माणसे त्सुरुगा बंदरी उतरली. काही पुढे अन्य देशांत गेली, उरलेल्यांना १९४१ मध्ये शांघायला धाडण्यात आले. क्युरासाओ हा त्यांचा खरा मुक्काम नव्हताच.

मग ही लबाडी म्हणावी काय? लिहिलेला शब्द खरा होता. गाळलेला शब्द मात्र माणसाला मृत्यूच्या दारात अडविणारा होता. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य लिथुआनियात घुसले, आणि तेथील दहांपैकी नऊंहून अधिक ज्यू मारले गेले. ज्यांचे राज्य नाहीसे झाले होते, त्यांना दोन परक्या अधिकाऱ्यांनी आपापल्या राज्याचे नाव उसने दिले. कागदाचे बळ शिक्क्यात असते हे खरे. पण तो शिक्का उचलणारा हात माणसाचाच असतो, हे कौनासने दाखविले.