औषधाची मात्रा आणि अल-किंदींचे गणित

नवव्या शतकातील बगदादचे तत्त्वज्ञ अल-किंदी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मला त्यांचे औषधांचे गणित अधिक मोलाचे वाटते. ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या परंपरेत औषधांच्या उष्ण-शीत गुणांच्या चार पायऱ्या मानत. अनेक औषधे एकत्र केली तर मिश्रणाची पायरी कोणती? किंदींनी नियम मांडला : उष्ण भाग शीत भागाच्या दुप्पट असेल तर पहिली पायरी, चौपट तर दुसरी, आठपट तर तिसरी, सोळापट तर चौथी. म्हणजे परिणाम एका पायरीने वाढवायचा तर प्रमाण दुप्पट हवे.

बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न रुश्द यांनी या नियमावर कडाडून टीका केली. पुढे हा ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊन युरोपात अभ्यासला गेला.

उष्ण-शीताचा तो पाया आज विज्ञानात उरलेला नाही. १९३७ साली स्वीडनच्या टॉर्स्टेन टिओरेल यांनी औषध रक्तात किती वेगाने येते, उतींत कसे पसरते आणि मूत्रपिंडावाटे कसे बाहेर पडते, याची समीकरणे मांडली. आजची मात्रा अशा समीकरणांच्या आधारे ठरते.

‘आमच्या पूर्वजांनी सारे आधीच शोधले’ असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे : किंदींना प्रश्न विचारणारे इब्न रुश्दही आपलेच होते ना? मग आज आपल्यात कोणी प्रश्न विचारला की आपण का बिथरतो?