हरणाचा डोळा आणि शिकाऱ्याचा वेष

दशरथ राजाच्या हातून श्रावणाचा वध कसा झाला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली असते. शरयूचा काठ, काळोखी रात्र, पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज. राजाला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. या कथेतील कारुण्य आपल्या मनात ठसलेले आहे. पण तीत शिकारीच्या व्यवहारातील एक जुनी अडचणही सांगितलेली आहे. शिकाऱ्याला जनावराच्या नजरेपासून लपावयाचे असते. पण त्याच रानात दुसरा माणूसही वावरत असतो, आणि त्याच्या नजरेस न पडणे म्हणजे प्राणाशी गाठ. एका डोळ्याला दिसू नये आणि दुसऱ्या डोळ्याला लख्ख दिसावे, असे वस्त्र असू शकते काय? हा प्रश्न सुटण्यास माणसाला फार काळ लागला. आणि त्याचे कारण असे की, इतकी वर्षे तो दोन्ही वेळा स्वतःच्याच डोळ्याला विचारीत होता.

लपण्याच्या वेषाचा अर्वाचीन इतिहास पाहू लागलो, तर आरंभी आपल्याच परिचयाचा एक शब्द भेटतो. हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४६ साली पेशावर येथे ‘गाइड्स’ हे पथक उभारले आणि त्या पथकाला मातकट रंगाचे कपडे दिले. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून ‘खाकी’. तांबड्या डगल्यांचा डौल मिरविणाऱ्या फौजेत ही मोठीच क्रांती होती. पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील शिकारी नोकर, ज्यांना तिकडे ‘घिली’ म्हणतात, त्यांची विद्या लष्कराने उचलली. हे लोक सांबराएवढ्या तांबूस हरणांच्या मागावर तासन् तास पोटावर सरपटत जात. १९०० साली लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच लोकांतून ‘लोव्हॅट स्काउट्स’ हे पथक बोअर युद्धासाठी उभे केले. चिंध्या, सुतळ्या, गवत यांनी मढविलेला निशाणबाजाचा पोशाख आजही ‘घिली’ याच नावाने ओळखला जातो. हरणासाठी शिकलेली युक्ती माणसावर चालली, ती येथे.

त्याच सुमारास अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर प्राण्यांच्या रंगांचा विचार करीत होता. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिके का असते? तर वरून पडणाऱ्या उजेडाने उठणारा गोलवा त्यामुळे पुसला जातो आणि प्राणी सपाट होऊन पार्श्वभूमीत विरून जातो. हे त्याने १८९६ साली मांडले, आणि ते खरे ठरले. पण १९०९ च्या ग्रंथात तो इतका वाहवत गेला की, रोहित पक्ष्याचा गुलाबी रंगही सूर्यास्ताच्या आकाशात लपण्यासाठीच आहे, असे म्हणू लागला. थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः कसलेले शिकारी; त्यांनी त्याच्यावर कडक टीका केली. या वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो असा: लपायचे ते कोणाच्या डोळ्यापासून?

महायुद्धांनी या विद्येला कारखान्याचे रूप दिले. १९१५ साली फ्रेंच सैन्यात चित्रकारांचे स्वतंत्र पथक निघाले. १९४२ साली अमेरिकेने बेडकाच्या कातडीसारख्या ठिपक्यांचे कापड सैनिकांसाठी छापले. युद्ध संपल्यावर त्यातले उरलेले कपडे स्वस्तात विकले गेले आणि बदकांच्या शिकाऱ्यांनी ते अंगावर चढविले. म्हणजे माणसाला फसविण्यासाठी काढलेली नक्षी आता पाखरांपुढे उभी राहिली. ती तेथे किती चालते, हे पाखराला विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

हरणाच्या शिकारीत मात्र अडचण उलटी होती. हरणाच्या मोसमात रानात बंदूकधारी माणसांची गर्दी उसळे, आणि हालणाऱ्या झुडपाला हरीण समजून गोळी झाडणारे आधुनिक दशरथ दरवर्षी निघत. म्हणून लोक तांबडे कोट घालीत. पण संधिप्रकाशात तांबडा रंग काळवंडतो, आणि ज्यांना तांबड्या-हिरव्यातला भेद कळत नाही, अशा पुरुषांना तो पानांतून वेगळा दिसतच नाही. तेव्हा १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्ससारख्या अमेरिकन राज्यांनी भडक, चमकता नारिंगी रंग पुढे आणला, आणि कित्येक राज्यांनी तो कायद्याने सक्तीचा केला. शिकारी नाराज झाले. डोळ्यांत खुपणारा हा रंग हरणाला दिसणार नाही तर काय, असे त्यांचे म्हणणे! सक्ती नसेल तेथे ते झाडांच्या रंगांत दडू लागले. १९८० च्या सुमारास जिम क्रमली यांनी झाडाच्या सालीची नक्षी कापडावर आणली. १९८६ साली बिल जॉर्डन आणि टॉक्सी हास यांनी साल, पाने, काटक्या यांची हुबेहूब चित्रे छापून मोठे धंदे उभारले. ती चित्रे इतकी सुंदर की, दुकानात पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. पण दुकानात पाहणारा हरीण नव्हता.

अखेर हरणालाच विचारण्याचा दिवस १९९२ साली उजाडला. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात जेरल्ड जेकब्स, जे नाइट्झ, कार्ल मिलर आदी शास्त्रज्ञांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांना गुंगी देऊन, त्यांच्या डोळ्यांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकला आणि दृष्टिपटलातून उठणारे सूक्ष्म विद्युत्‌स्पंद मोजले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. हरणाच्या डोळ्यात त्या दोनच. एक निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ४५० ते ४६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना साद देते. दुसरी हिरव्या प्रकाशाला, सुमारे ५३७ नॅनोमीटरला. आपल्यातील तिसरी, तांबड्याकडे झुकणारी पेशी हरणाला नाहीच. तेव्हा आपल्याला झगमगणारा नारिंगी कोट हरणाला भोवतालच्या पाल्याहून फारसा वेगळा दिसत नाही. जो कोट माणसाचा जीव वाचवितो, तोच हरणाच्या लेखी जवळजवळ मुका आहे! इतकी वर्षे शिकारी ज्या सक्तीला कुरकुरत होते, तिच्यात त्यांचे फारसे काही जात नव्हते.

पण त्याच डोळ्याने दुसरी एक चूक उघडी पाडली. आपल्या डोळ्यातील भिंग अतिनील किरण अडविते. हरणाचे भिंग त्यांतले बरेच आत येऊ देते. आणि निळ्या रंगाच्या बाबतीत तर हरीण आपल्याहून तीक्ष्ण. आपल्याकडे पांढरे कपडे उजळविण्यासाठी टिनोपॉल वापरण्याची रीत घरोघरी होती. आजच्या धुण्याच्या पावडरींतही तशीच द्रव्ये असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. पानाफुलांचा महागडा डगला अशा पावडरीने धुतला की, आपल्याला तो तसाच दिसतो. पण पहाटेच्या अंधुक उजेडात हरणापुढे तो निळसर उजळून उठतो. म्हणून अशी द्रव्ये नसलेले साबण आज शिकाऱ्यांसाठी वेगळे विकले जातात.

नक्षीचा विचारही बदलला. हरणाचे डोळे मस्तकाच्या दोन्ही अंगांना, बाहुली आडवी. म्हणून त्याला आपल्या भोवतालचा सुमारे ३०० अंशांचा घेर एकदम दिसतो आणि हालचाल तर तात्काळ कळते. मात्र बारीक तपशील त्याला आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही. तेव्हा सालीवरच्या भेगा आणि पानांच्या शिरा रंगविण्यात घातलेले श्रम त्याच्यासाठी वाया. थोड्या अंतरावरून ते सारे मिसळून माणसाच्या आकाराचा एक काळा ठिपका उरतो. टिमोथी ओनील या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १९७० च्या दशकात चौकोनी ठिपक्यांची नक्षी काढून पाहिली होती: मोठे पट्टे आकार मोडतात, लहान ठिपके पोत मिसळवितात. पुढे तीच कल्पना नाइट्झ यांच्या दृष्टिशास्त्राशी जोडून हरणासाठी नवी कापडे निघाली. ती आपल्याला झाडासारखी मुळीच दिसत नाहीत. दिसण्याचे कारणही नाही.

नारिंगीवर काळे डाग टाकून दोन्ही डोळ्यांचे समाधान करण्याचाही प्रयत्न झाला. काही राज्यांनी त्याला मान्यता दिली. काहींनी मात्र एकसंध नारिंगीच हवा, असा आग्रह धरला, कारण डागांनी आकार मोडला तर तो माणसाच्या डोळ्यालाही मोडतो. जेथे संशय, तेथे माणसाच्या जिवाला झुकते माप, हा न्याय मला योग्यच वाटतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार इतिहासजमा झाली. तेव्हा या विद्येचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याने ताडोबाच्या रानात जावे. तेथे नारिंगी अंगावर काळे पट्टे ओढलेला एक शिकारी हजारो वर्षे याच रंगात वावरतो आहे. केसाळ प्राण्याच्या अंगाला हिरवा रंग घडविता येत नाही; पण चितळाच्या दोन-रंगी डोळ्यापुढे नारिंगीच हिरवा होतो, आणि वाघ गवतात मिसळून जातो. ब्रिस्टल विद्यापीठातील जॉन फेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली संगणकाच्या साहाय्याने हे पडताळून दाखविले. आपण गाडीतून बोट दाखवीत ‘तो पाहा’ म्हणतो, आणि समोर चरणाऱ्या चितळाला मात्र काही दिसलेले नसते.

पेशावरच्या धुळीपासून जॉर्जियाच्या प्रयोगशाळेपर्यंत माणसाने जवळजवळ दीडशे वर्षे चालून जे गाठले, ते वाघाच्या कातडीवर आधीच लिहिलेले होते. ते वाचता आले नाही, कारण आपण ते आपल्या डोळ्याने वाचीत होतो. जग मला दिसते तसेच सर्वांना दिसते, हा समज सोडण्यास इतका वेळ लागला. हरणाच्या बाबतीत तो सुटला, तेव्हा रानातल्या माणसांचेही प्राण निर्धास्तपणे राखता आले. शरयूच्या काठी श्रावणाच्या अंगावर असा एखादा भडक कोट असता तरी त्या काळोखात तो व्यर्थच गेला असता. म्हणून दिसल्यावाचून बाण सोडू नये, हा धडा तेवढा सर्व कोटांच्या वरचा आहे.